डॉक्टर होणारी मुलगी, बँकेतला मुलगा: ‘सेट झाले’ म्हणजे समाधानी झाले का?

यंदाच्या ईदला दुपारी आमच्या घरी दोन पाहुणे आले. दोघंही माझे माजी विद्यार्थी, सख्खे बहीण-भाऊ. बहीण एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भाऊ सरकारी बँकेत अधिकारी होऊन तीन वर्षं झाली. त्यांचे अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमच्या तालुक्याच्या गावी उर्दू शाळेतून शिकून एकाच घरातली दोन मुलं अशी पुढं जाणं ही काही लहान गोष्ट नाही. मोहल्ल्यात सगळे म्हणतात, “त्यांचं काय, दोन्ही पोरं सेट झाली!”

शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मुलगी माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, “टीचर, सगळे मुबारकबाद देतात, पण मला तीन महिने झाले नीट झोप नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. घरी सांगितलं तर अम्मी रडतील, आणि अब्बा म्हणतील, एवढ्या मुश्किलीनं सीट मिळाली आणि आता हे काय?”

बाहेर भाऊ माझ्या शौहरशी बोलत होता. त्याचंही एक वाक्य कानावर आलं, “अंकल, पगार वेळेवर येतो, अल्हम्दुलिल्लाह. पण रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. सोमवारची शाखा डोळ्यांसमोर दिसायला लागते.”

त्या रात्री मला वाईट वाटलं, ते वेगळ्या कारणानं. या मुलीला बारावीनंतर “एक साल और” म्हणून ड्रॉप घ्यायला लावणारी मीच होते. भावाला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावणारीही मीच. गेली कित्येक वर्षं वर्गात मी मुलांना हेच दोन रस्ते दाखवत आले: डॉक्टर व्हा, नाहीतर बँकेत लागा. पोहोचल्यावर तिथं मन कसं राहतं, हे मी कधी सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मग वाचायला सुरुवात केली. त्यातून जे समजलं, ते आपल्या घरांसाठी इथं लिहिते आहे.

समाधान वेगळं, मनाचं स्वास्थ्य वेगळं

आपण बोलताना सगळं एकाच शब्दात घालतो, “खूश आहे ना?” मानसशास्त्रात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात.

पहिली गोष्ट समाधान. म्हणजे माणूस शांतपणे बसून स्वतःच्या आयुष्याचा हिशोब करतो तेव्हा त्याला तो पटतो का. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये यासाठी फक्त पाच वाक्यांची एक प्रश्नावली केली. प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण, एकूण ५ ते ३५. जगभर आजही ती वापरतात.

दुसरी गोष्ट मनाचं स्वास्थ्य. कॅरल रिफ या संशोधिकेनं १९८९ मध्ये त्याचे सहा पैलू मांडले. माणूस स्वतःला आहे तसा स्वीकारतो का? त्याची जिवाभावाची नाती आहेत का? आपले निर्णय तो स्वतः घेऊ शकतो का? रोजची कामं आणि परिस्थिती त्याच्या हातात आहेत असं त्याला वाटतं का? जगण्याला काही मकसद आहे का? आणि आपण पुढं जातोय, शिकतोय, असं वाटतं का?

आता हे आपल्या दोन मुलांना लावून बघा. बहिणीला मकसद आहे, शिकणंही चालू आहे. पण स्वतःबद्दल तिला चांगलं वाटत नाही, आणि काहीच हातात नाही असं वाटतं. भावाला पगार आहे, लोकांत इज्जत आहे, कागदावर समाधान पूर्ण. पण आपण पुढं जातोय असं त्याला वाटत नाही, आणि बदली कुठं व्हावी हेही त्याच्या हातात नाही. म्हणजे एकाच घरात दोघांची कमी वेगवेगळ्या ठिकाणी आहे. दोघांनाही “सब्र करो” हा एकच सल्ला देऊन भागणार नाही.

मेडिकलच्या मुलांवर नेमका कसला भार असतो?

सुरुवात नीटपासून होते. २०२४ मध्ये या परीक्षेला २४ लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या जास्त, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणून मराठवाड्यातली किती तरी मुलं दहावीनंतरच लातूर-नांदेडला खोली घेऊन राहतात. दोन-तीन वर्षं घरातलं सगळं त्या एका मार्कांच्या कागदाभोवती फिरतं. लग्नकार्य पुढं ढकललं जातं, अम्मीचे दागिने मोडले जातात. मूल कॉलेजात पाऊल ठेवतं ते या सगळ्याचं ओझं पाठीवर घेऊनच.

आत गेल्यावर पहिला धक्का म्हणजे, शाळेत पहिला येणारा मुलगा तिथं साधा होतो. कारण वर्गात सगळेच आपापल्या गावचे पहिले असतात. ज्या मुलानं आयुष्यात कधी नापास हा शब्द ऐकला नाही, त्याला ॲनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत अर्धेही मार्क मिळत नाहीत. “मी हुशार आहे” हीच ज्याची ओळख होती, त्याची ओळखच हलते.

दुसरा धक्का भाषेचा. २०१८ पासून नीट उर्दूतूनही देता येते, मराठीतून तर येतेच. पण आपल्याकडच्या कॉलेजात शिकवणं, पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीतूनच. आमच्या शाळेतून गेलेली मुलं पहिले सहा महिने प्रश्न विचारायला तोंड उघडत नाहीत. समजलं नाही म्हणून नव्हे, चूक बोललो तर हसतील म्हणून. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स ठेवला आहे, त्यात भाषा आणि ताण सांभाळणं हेही येतं. पण काही दिवसांचा कोर्स बारा वर्षांची सवय कशी बदलणार?

तिसरी गोष्ट वेळ. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा साडेपाच वर्षांचा कोर्स. त्यानंतर नीट-पीजी, मग तीन वर्षं रेसिडेन्सी. शाळेतली मैत्रीण बीएड करून नोकरीला लागते, दुसरीचं लग्न होऊन मूल शाळेत जातं, तेव्हाही मेडिकलचं मूल “अजून शिकतंय”. त्यात आपल्या घरांत मुलीला एक जादा प्रश्न असतोच, “आणखी किती वर्षं? रिश्ते येऊन परत जातायत.”

आकडे काय सांगतात ते बघू. २०१६ मध्ये जामा या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ४३ देशांतल्या १८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणं आढळली, आणि ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे, ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसली त्यांच्यातले जेमतेम १५.७ टक्के उपचारासाठी कुणाकडे गेले. दवाखान्यातच राहणारी मुलं, आणि दवा घेत नाहीत!

आपल्या देशात नॅशनल मेडिकल कमिशननं नेमलेल्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीला एमबीबीएसच्या २५,५९० आणि पदव्युत्तर ५,३३७ विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. आत्महत्येचे विचार आल्याचं एमबीबीएसच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तरच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी नमूद केलं. ही पाहणी ज्यांनी स्वखुशीनं भरली त्यांची आहे, त्यामुळं देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हाच आकडा लावता येणार नाही. पण एवढी हजारो मुलं स्वतः पुढं येऊन सांगतात तेव्हा दुर्लक्षही करता येत नाही. याच अहवालानं शिफारस केली की रेसिडेंट डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, आठवड्याची एक सुट्टी हवी आणि रोज ७ ते ८ तास झोप हवी. झोप मिळावी म्हणून शिफारस करावी लागते, यावरूनच सध्याचं चित्र समजून घ्या.

चौथी गोष्ट छळाची. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी समाजाच्या डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे २०१९ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिथला निकाल न्यायालय देईल. पण आपल्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच तिथवर पोहोचणाऱ्या मुलांना अभ्यासाबरोबर आणखी काय सोसावं लागू शकतं, हे त्या वेळी सगळ्यांना कळलं. मूल घरी फोन करून म्हणालं, “इथं लोक नीट वागत नाहीत,” तर “तू लक्ष देऊ नको” एवढ्यावर फोन ठेवू नका. कोण, कधी, काय म्हणालं, हे विचारा आणि लिहून ठेवा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते, आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे.

बँकेची नोकरी: बाहेरून थंड, आतून गरम

आता भावाकडे येऊ. लोकांना वाटतं बँकेत एसीत बसायचं, पाच वाजता घरी यायचं. तसं असतं तर प्रश्नच नव्हता.

पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत असे टप्पे पार करून मूल अधिकारी होतं, आणि पहिली नेमणूक कुठल्या तरी दूरच्या राज्यात होते. तिथली भाषा येत नाही, काउंटरवरची बाई काय विचारते ते कळत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली. लग्न झालेलं असेल तर बायको एका गावी, मूल दुसऱ्या शाळेत, म्हातारे आई-बाप तिसऱ्या गावी.

रोजचं काम बघा. कॅशियरचे नोटांचे हिशोब संध्याकाळी जुळले नाहीत तर कमी पडलेले पैसे खिशातून भरावे लागतात. सर्व्हर बंद पडतो तंत्राच्या चुकीनं, शिव्या खातो समोर बसलेला माणूस. अधिकाऱ्यानं मंजूर केलेलं कर्ज चार वर्षांनी थकलं तर चौकशी त्याच्या नावावर येते. सही करताना हात थरथरतो, सही नाही केली तर कर्जवाटपाचं टार्गेट चुकतं. वर विम्याच्या पॉलिसी विकण्याचा तगादा. माझा विद्यार्थी म्हणाला, “टीचर, एक म्हातारी पेन्शन काढायला येते. तिला विमा विकायला सांगतात. तिच्याकडं बघून मला माझी दादी आठवते.” त्याच्या बोलण्यात कामाचा थकवा होता, पण त्याहून जास्त ते काम मनाला न पटण्याचा त्रास होता.

या क्षेत्रानं गेल्या काही वर्षांत हादरेही मोठे खाल्ले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतरचे पन्नास दिवस काउंटरवर कोण उभं होतं, आठवा. मग विलीनीकरण आलं. २०१७ मध्ये सरकारी बँका २७ होत्या, १ एप्रिल २०२० पासून त्या १२ झाल्या. ज्या बँकेत लागलो ती बँकच नावानिशी गेली, नवी प्रणाली, नवे साहेब, नवी ज्येष्ठता यादी. आणि ही तारीख बघा, लॉकडाउनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली.

सुट्टीचं म्हणाल तर सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो. पाच दिवसांच्या आठवड्यावर मार्च २०२४ च्या करारात बँका आणि संघटनांची सहमती झाली, पण सरकारच्या मंजुरीची अट होती आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना नंतरही आंदोलनाची भाषा करावी लागली. एक गंमत सांगते. संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो नियम विश्रांतीसाठी नाही, गैरव्यवहार असेल तर त्याच्या गैरहजेरीत उघडा पडावा म्हणून आहे. विश्रांतीची रजा मात्र मागून घ्यावी लागते.

आपल्या घरातला एक जादा प्रश्न

हा भाग लिहावा की नाही, असा विचार केला. पण टाळला तर लेख अर्धाच राहील.

आपल्या मुलानं बँकेत नोकरी धरली की दुसऱ्याच दिवसापासून कुणी ना कुणी विचारतं, “व्याजाची कमाई, जायज आहे का?” ज्याला हा मसला समजून घ्यायचा आहे त्यानं विश्वासातल्या जाणकार आलिमाकडे बसून नीट विचारावं. तो फैसला माझ्यासारख्या शिक्षिकेनं द्यायचा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. परीक्षेच्या वेळी दुआ मागणारं घर, पहिल्या पगाराची मिठाई वाटणारं घर, आणि नंतर दावतीत सगळ्यांसमोर टोमणा मारणारं घर एकच असेल, तर मुलानं जायचं कुठं? तो दिवसा शाखेत दबतो आणि रात्री दस्तरखानवर. विचारायचं असेल तर फॉर्म भरण्याआधी विचारा. आणि त्याला खरंच ती नोकरी सोडायची असेल, तर घराचे हप्ते, बहिणीची फी याचा हिशोब त्याच्यासोबत बसून करा. टोमण्यानं ना गुनाह कमी होतो, ना कर्ज.

दोघांचा त्रास एकाच सूत्रात

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या संशोधकानं एक साधं सूत्र मांडलं. कामाचा भार जास्त असला म्हणून माणूस मोडतोच असं नाही. भार जास्त आणि हातात काहीच नाही, तेव्हा मोडतो. पुढच्या संशोधकांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली, साथ. साथ असेल तर तोच भार पेलता येतो.

शेतकरी पेरणीच्या दिवसांत अठरा तास राबतो, पण कुठलं बी, कधी पेरायचं, हे तो ठरवतो. इंटर्न डॉक्टरही तेवढाच राबतो, पण ड्युटीचं पत्रक दुसऱ्याच्या हातात. बँकेचा अधिकारीही राबतो, टार्गेट वरून येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या यादीत ‘बर्नआउट’ला जागा दिली आहे. आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. खुणा तीन: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा तिटकारा येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. सुट्टीत घरी आलेलं मूल दोन दिवस नुसतं झोपून काढतं, पेशंटबद्दल किंवा ग्राहकाबद्दल तुच्छतेनं बोलतं, “मी काही कामाचा नाही” म्हणतं, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी या तीन खुणा आठवा.

घरी करता येईल अशी छोटी तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक सोपी पद्धत आहे. मागच्या दोन आठवड्यांचा विचार करून स्वतःला विचारायचं: मन आनंदी होतं का? शांत, निवांत वाटलं का? अंगात उत्साह होता का? सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का? दिवसभरात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येकाला ० ते ५ गुण. ‘कधीच नाही’ला ०, ‘सतत’ला ५. बेरीज २५ पैकी होते. ती १३ पेक्षा कमी आली तर डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोलावं. हे निदान नाही. ताप आहे की नाही हे हात लावून बघतो, तेवढंच समजा.

मी स्वतः केली. माझी बेरीज १२ आली. आम्ही शिक्षकही काही वेगळे नाही.

“इमान कमजोर आहे म्हणून होतं” हे खरं का?

आपल्याकडे मन आजारी पडलं की तीन वाक्यं ठरलेली. “नमाज कमी पडते.” “कुणाची तरी नजर लागली.” “डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं हे कळलं तर रिश्ता येणार नाही.”

नमाज, जिक्र, दुआ यांनी मनाला आधार मिळतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पण शुगर वाढली तर आपण दुआही मागतो आणि गोळीही घेतो. इलाज करणं सुन्नत आहे, हे लहानपणापासून ऐकत आलोय. मग मनाच्या आजारालाच वेगळा कायदा का?

आपला इतिहासही हेच सांगतो. बल्ख इथले अबू जैद अल-बल्खी, सुमारे ८५० ते ९३४ हा त्यांचा काळ. त्यांनी शरीर आणि नफ्स या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण नसताना दाटून येणारी उदासी, यात त्यांनी फरक केला, आणि दुसऱ्या प्रकारात शरीराचाही इलाज लागतो असं मानलं. चांगले, धीर देणारे विचार तब्येत ठीक असतानाच जमवून ठेवावेत, जसं घरात वेळेला लागेल म्हणून औषध ठेवतो, असा त्यांचा सल्ला होता. कैरोत १२८४ मध्ये उभारलेल्या सुलतान कलावूनच्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ज्याला आपल्या लोकांनी इलाज करण्याजोगा आजार मानलं, त्याला आज आपण बदनामी मानतो.

रिश्त्याच्या भीतीबद्दल कायदाही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. विमा कंपनीनं शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं आहे. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र ताणाखाली असलेला माणूस म्हणून बघायचं आहे.

मग घरानं काय करायचं?

पहिलं, प्रश्न बदला. “किती मार्क पडले?” “प्रमोशन कधी?” याच्या आधी “झोप झाली का? जेवलीस का? कुणाशी बोलतेस का?” हे विचारा. रमजानमध्ये तर नक्की विचारा. होस्टेलवर सहरीला काय खाते, रात्रपाळी करून रोजा कसा निभावते, याची खबर घ्या.

दुसरं, खर्चाचा पाढा वाचू नका. तुम्ही काय विकलं, किती कर्ज काढलं, हे मुलाला पाठ आहे. तुम्ही आठवण करून दिली की त्याच्या अभ्यासात वाढ होत नाही, भीतीत होते.

तिसरं, परतीचा रस्ता उघडा ठेवा. “एखादा विषय राहिला तरी घर तुझंच आहे,” हे वाक्य तोंडानं म्हणा, त्याला आपोआप कळेल असं धरून चालू नका. मेडिकलमध्ये एखादा विषय राहणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, पुढच्या परीक्षेत निघतो.

चौथं, हातात काहीतरी द्या. कारासेकचं सूत्र आठवा. बँकेतल्या मुलाला बदली थांबवता येत नाही, पण आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची स्वतःची असू शकते, त्या दिवशी घरचा कुठलाही निरोप, कुठलंही काम नको. हक्काची रजा घ्यायला त्याला लाज वाटू देऊ नका. अडचणी संघटनेपुढं मांडणं हा भांडखोरपणा नाही.

पाचवं, धोक्याच्या खुणा ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक उडणं, मित्रांचे फोन न घेणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांची माफी मागणं, “माझ्याशिवाय तुमचं बरं होईल” असं बोलणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा, “बेटा, जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठी आणि हिंदीसह अनेक भाषांत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. आमच्या घरी चिकटवलाय.

त्या दोघांचं पुढं काय झालं?

ईदच्या त्या दुपारी मी मुलीला एवढंच विचारलं, “तुझ्याच कॉलेजात मानसोपचार विभाग आहे ना?” ती म्हणाली, “आहे, पण तिथले सर आम्हाला शिकवतात. ते काय म्हणतील?” मी म्हटलं, “तू पेशंटला काय म्हणशील?” ती गप्प बसली. दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला, ओपीडीत जाऊन आले. आता उपचार चालू आहेत, झोप लागते. अभ्यास अजून जड जातो. तिनं अम्मीला सांगितलं तेव्हा अम्मी रडल्या, हे तिचं खरंच ठरलं. पण अब्बा तसं काही म्हणाले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं डबा घेऊन होस्टेलवर गेले.

भावाचं अजून तसंच आहे. बदलीचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. पण रविवारी संध्याकाळी तो आता बहिणीला फोन करतो. दोघं एकमेकांना आपापल्या सोमवारबद्दल सांगतात.

मी वर्गात अजूनही मुलांना डॉक्टर व्हा, बँकेत जा म्हणतेच. आपल्या समाजाला दोन्हींची गरज आहे. फक्त आता त्याच तासाला पुढचंही सांगते: तिथं थकवा येईल, भीती वाटेल, आणि वाटली तर कुणाकडे जायचं. तुमच्याही घरात असं एखादं ‘सेट झालेलं’ मूल असेल. आज मगरिबनंतर त्याला फोन लावा, आणि मार्क, पगार, रिश्ता सोडून दुसरं काहीतरी विचारा.